सैल दोरीचे शिक्षण

सकाळी सहाच्या सुमारास टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोकडे फिरायला जाणाऱ्यांना एक मौज रोज पाहायला मिळते. कुत्र्याला फिरवणारी माणसे किती आणि माणसाला फिरवणारी कुत्री किती, हे मोजू लागले तर दुसरा वर्गच मोठा भरतो. पुढे जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा, मध्ये तारेसारखी ताणलेली साखळी, आणि मागे चपला सांभाळीत फरफटत जाणारे एखादे सद्गृहस्थ. "अरे ओढू नको, ओढू नको" असा त्यांचा जप चाललेला असतो आणि कुत्र्यावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. पाहणाऱ्याला हसू येते.

पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझ्या मावशीकडे खंड्या नावाचा कुत्रा आहे. गल्लीतच जन्मलेला, तांबूस रंगाचा, वजनाने १८ किलो. एकदा रस्त्याच्या पलीकडे मांजर दिसताच त्याने असा हिसका दिला, की मावशी पडली आणि तिचे मनगट मोडले. त्या दिवसापासून खंड्याचे फिरणे बंद झाले आणि तो मागच्या दारी साखळीला बांधला गेला. दिवसभर बांधलेला कुत्रा भुंकतो. भुंकतो म्हणून शेजारी कुरकुरतात. आठ-दहा दिवसांनी कोणी बाहेर काढलाच तर तो साठलेल्या साऱ्या जोमाने ओढतो. आणि ओढतो म्हणून पुन्हा बांधला जातो. अखेर घरात "मळ्यात नेऊन सोडा की त्याला" अशी भाषा सुरू झाली. पाळीव कुत्र्याला असे सोडणे म्हणजे उपासमार, दुसऱ्या कुत्र्यांचे चावे किंवा एखाद्या वाहनाचे चाक, हे सांगायला नको. त्याला चालायला शिकवण्याचे काम मी अंगावर घेतले ते या वेळी. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे प्रत्यक्ष करून पाहिले, ते इथे सांगतो.

पहिला प्रश्न असा, की कुत्रा ओढतो का? आपल्याकडे याचे ठरलेले उत्तर आहे: तो माजला आहे, त्याला मालक व्हायचे आहे, त्याला धाक नाही. या समजुतीमागे लांडग्यांची एक जुनी कथा आहे. १९४७ साली रुडोल्फ शेंकेल या संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या त्या लांडग्यांत वरचढपणासाठी झगडे होत. त्यावरून कळपाचा एक दांडगा पुढारी असतो आणि कुत्र्याशीही आपण तसेच वागले पाहिजे, असे मत रूढ झाले. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या लांडग्यांवरील ग्रंथामुळे ते अधिकच पसरले. परंतु याच मेक यांनी पुढे कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक उन्हाळे अभ्यास केला आणि १९९९ साली स्वच्छ सांगितले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले असे एक कुटुंब असते. तिथे पुढारीपणासाठी रोजच्या मारामाऱ्या नसतात. ज्याच्या जोरावर कुत्र्यांना पिढ्यान्पिढ्या धाकात ठेवले, तो आधारच असा ढासळला.

मग खरे कारण कोणते? कारणे तीन आहेत आणि तिन्ही साधी आहेत. पहिले म्हणजे वेग. आपण तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. चार पायांच्या प्राण्याची सहज दुडकी चाल याहून जलद असते. आपल्या चालीने चालणे हा त्याच्या दृष्टीने रेंगाळण्याचाच प्रकार. दुसरे कारण म्हणजे वास. आपण रस्ता डोळ्यांनी पाहतो, तो नाकाने वाचतो. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी रात्रभरात कोण येऊन गेले, याची बातमी त्याला दहा पावले आधीच खुणावू लागते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ओढण्याचा कुत्र्याला फायदा होतो! मानसशास्त्राच्या तासाला थॉर्नडाइकचे मांजर आपल्यापैकी पुष्कळांनी अभ्यासले असेल. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत पेटीत कोंडलेले मांजर आधी वाटेल तशी धडपड करी. त्यात एकदा योगायोगाने खटका ओढला जाई, दार उघडे आणि बाहेरचे खाणे मिळे. पुन:पुन्हा कोंडल्यावर इतर धडपड गळत गेली आणि मांजर लवकर लवकर खटक्याकडे वळू लागले. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती टिकते. कुत्र्याच्या बाबतीत ताणलेली दोरी हाच तो खटका. तो ओढतो, आपण एक पाऊल पुढे टाकतो आणि खांब एका पावलाने जवळ येतो. म्हणजे "ओढू नको" असे तोंडाने म्हणत असताना पायांनी आपण त्याला प्रत्येक पावलाला बक्षीस देत असतो. कुत्रा आपल्या तोंडापेक्षा पायांवर विश्वास ठेवतो, यात त्याचा दोष नाही.

इथे कोणी म्हणेल, की आम्ही रोज ओढू देत नाही, घाई असेल तेव्हाच देतो. हे तर अधिक वाईट. स्किनर आणि त्याचा सहकारी फर्स्टर यांनी १९५७ साली बक्षिसांच्या वेळापत्रकांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसून आले, की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट करते. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस दहादा हरूनही अकरावे तिकीट का घेतो, याचे उत्तर यातच आहे. चार दिवस थांबून पाचव्या दिवशी "असू दे आज" म्हणणारा मालक कुत्र्याला लॉटरीचा नाद लावत असतो.

या ठिकाणी पुष्कळ जण आवळणाऱ्या साखळीचा किंवा आतून टोके असलेल्या पट्ट्याचा उपाय सुचवतात. हिसका द्यावा, कुत्रा कळवळतो, सरळ होतो. जर्मनीत कॉनराड मोस्टने १९१० साली लिहिलेल्या पुस्तकापासून ही पद्धत पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांसाठी नावाजली गेली आणि तिथून घराघरांत आली. तिचा उपयोग मुळीच होत नाही, असे नाही. दुखण्याला प्रत्येक प्राणी घाबरतो. पण पाव्हलॉव्हची घंटा इथे आठवावी. कुत्र्याच्या मनात वेदनेची सांगड कशाशी बसेल, हे आपल्या हाती नसते. त्याने समोर दुसरा कुत्रा किंवा लहान मूल पाहिले आणि त्याच क्षणी गळ्याला आवळ बसला, असे दहा-वीस वेळा घडले, तर तो दोरीला नव्हे, त्या मुलाला वाईट समजू लागेल. शांत चालायला शिकवता शिकवता अंगावर धावून जाणारा कुत्रा तयार होतो तो असा. शिवाय शरीरालाही इजा आहेच. गळ्यातल्या पट्ट्यावर जोर पडला की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि छातीवरच्या पट्ट्याने तसा वाढत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात मोजून दाखवले गेले आहे. अमेरिकेतील प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने तर २०२१ साली, कुत्र्याला केवळ बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावे, असे निवेदन काढले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साहित्य थोडेच लागते. पाच-सहा फुटांची हलकी, हाताला न काचणारी सुती किंवा नायलॉनची दोरी घ्यावी. लोखंडी साखळी नको. तिच्या वजनामुळे दोरी सैल आहे की ताणलेली, हे कुत्र्याला नीट कळत नाही. डबीतून आपोआप सुटणारी आणि गुंडाळली जाणारी दोरीही या शिक्षणाला नको. तिच्यात सदैव थोडा ताण असतो आणि ओढले की ती लांबते, म्हणजे नेमका उलटा धडा मिळतो. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा, म्हणजे दुकानात ज्याला हार्नेस म्हणतात तो, घेतलेला बरा. त्याची कडी छातीवर पुढच्या बाजूला असेल तर ओढणारा कुत्रा आपोआप आपल्याकडे वळतो. पट्टा आणि अंग यांमध्ये दोन बोटे सहज जावीत, इतपत तो घट्ट असावा.

बक्षिसाचे खाणे हरभऱ्याच्या दाण्याएवढे असावे. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, उकडलेले अंडे, पनीर किंवा साधी भाकरीसुद्धा चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, ती चुकूनही देऊ नयेत. आपला बेळगावी कुंदाही आपणच खावा! या खाण्याचा हिशेब त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करावा, नाहीतर चाल सुधारेल आणि पोट सुटेल.

पहिली पायरी घरातच. जिथे वास नाहीत, मांजरे नाहीत, अशा खोलीत दोरी लावून उभे राहावे. कुत्रा आपल्या डाव्या पायाशी आला आणि दोरी सैल राहिली, की लगेच "शाब्बास" म्हणून तुकडा द्यावा. आणि तो नेमका आपल्या मांडीच्या शिवणीपाशी द्यावा. ही जागा महत्त्वाची आहे. बक्षीस जिथे मिळते, तिथे कुत्रा घुटमळतो. हात पुढे करून दिले तर तो पुढे जायला शिकेल, पायाशी दिले तर पायाशी राहायला शिकेल. मग एक पाऊल टाकावे, द्यावे. दोन पावले टाकावी, द्यावे. पाच मिनिटांत धडा संपवावा. दिवसातून असे दोन-तीन धडे पुरेत. खंड्याबरोबर मी पहिला आठवडाभर मावशीच्या पडवीच्या बाहेर पाऊल टाकले नाही.

दुसरी पायरी अंगणात किंवा निवांत गल्लीत. इथे एक नियम न मोडता पाळायचा: दोरी ताणली की आपले पाय थांबतील, दोरी सैल झाली की चालतील. रागावायचे नाही, हिसका द्यायचा नाही, केवळ खांबासारखे उभे राहायचे. कुत्रा ओढून पाहतो, मग गोंधळून मागे वळून बघतो. त्या वळण्याने दोरी किंचित ढिली होते, त्याच क्षणी शाबासकी देऊन पुढे निघायचे. तो फारच अधीर झाला असेल तर "चल" म्हणून उलट दिशेला वळावे आणि तो मागून येऊन पायाशी पोचला की बक्षीस द्यावे. पहिल्या दिवशी फाटकापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला आम्हाला २० मिनिटे लागली. एरवी ते अंतर दोन मिनिटांचे. शेजारच्या अज्जांनी कट्ट्यावरून विचारले, "काय रे, रस्ता मोजतोस काय?" अशी थट्टा सोसण्याची तयारी ठेवावी लागते. माझ्या मते या विद्येतला सर्वांत अवघड भाग तोच आहे.

तिसरी पायरी म्हणजे खाण्याच्या जागी हळूहळू खरी बक्षिसे आणणे. खंड्याला कोंबडीच्या तुकड्याहून अधिक काय हवे होते? दिव्याचा खांब! मग खांब हेच बक्षीस. दहा पावले दोरी सैल ठेवून चाललास तर "जा, हुंग" असे म्हणून मी त्याला खांबापाशी नेई आणि पोटभर हुंगू देई. ज्या गोष्टीसाठी तो ओढत होता, तीच गोष्ट न ओढल्याने मिळते, हे त्याला कळले, आणि ओढण्यात अर्थ उरला नाही. हुंगणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मात्र समजू नये. फिरण्यातला निम्मा वेळ तरी नाकासाठी द्यावा. हुंगून परतलेला कुत्रा घरी शांत झोपतो.

घरातल्या सर्वांचे वागणे एकसारखे असले पाहिजे. यात शब्दही आले. आमच्याकडे मी "थांब" म्हणे, मावसभाऊ "स्टॉप" म्हणे आणि खंड्याचा लाड करणारे अज्जा त्याला "निल्लु" म्हणत. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, हे आपल्याला ठाऊक. कुत्र्याला ते तीन वेगळे आवाज. त्याला भाषा नसते, खूण असते. शेवटी आम्ही बसून एक शब्द ठरवला, आणि आमच्यातला सर्वांत वडील माणूस म्हणून अज्जांचा "निल्लु" कायम झाला. येण्यासाठी मात्र "चल" राहिला. खंड्या आता मराठीत चालतो आणि कन्नडमध्ये थांबतो. त्याची काही तक्रार नाही.

कुत्र्याची जातही ध्यानात घ्यावी. आपल्यापासून फारसे दूर नसलेल्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला, लांब पायांचा, कृश दिसणारा शिकारी कुत्रा प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात त्यालाच कारवान म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. हा कुत्रा नजरेने शिकार करणारा. दूरवर काही पळताना दिसले की तो निमिषात झेप घेतो, आणि डोके निमुळते असल्यामुळे साधा गळपट्टा डोक्यावरून निसटतो. अशा कुत्र्याला छातीपट्टा हवाच, आणि आपली नजर त्याच्या नजरेच्या पुढे हवी. पळणारी वस्तू त्याच्या आधी आपल्याला दिसली तर वळायला वेळ मिळतो.

आपल्या गावांतली खरी अडचण पुस्तकांत फारशी सापडत नाही, ती म्हणजे गल्लीगल्लीतली मोकळी कुत्री. प्रत्येक गल्ली ही कोणाची ना कोणाची जहागीर असते. समोरून टोळी येताना दिसली की आपला हात नकळत दोरी आखडून धरतो. त्यामुळे आपल्या कुत्र्याची छाती वर उचलली जाते आणि समोरच्यांना ते आव्हान वाटते. म्हणून शक्य तितक्या लांबूनच रस्ता बदलावा, "चल" म्हणून सावकाश वळावे, पळू मात्र नये. जवळ आलीच तर खिशातले मूठभर खाणे त्यांच्या पुढ्यात जमिनीवर टाकून निघून जावे. काठी उगारण्यापेक्षा हा उपाय मला अधिक उपयोगी पडला आहे. रेबीजची लस टोचल्याखेरीज कुत्र्याला रस्त्यावर नेऊच नये. आणि माणसाला दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही.

हे सारे किती दिवसांत साधते? कुत्र्यागणिक वेगळे. खंड्याला गल्लीपुरते शहाणपण यायला सहा आठवडे लागले. खडेबाजारच्या गर्दीत तो अजूनही बावचळतो, म्हणून तिथे त्याला आम्ही नेत नाही. मांजर दिसले की कान अजूनही ताठ होतात, पण दोरी ताणण्याआधी तो एकदा वर पाहतो. तेवढा एक क्षण आपल्याला पुरतो. त्या बळावर मावशी त्याला आता रोज संध्याकाळी स्वत: नेते. मळ्याचे नाव घरात कोणी काढत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९६० साली आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या ११व्या कलमात मारणे, उपाशी ठेवणे या गोष्टी आहेतच. पण नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे, हीसुद्धा क्रूरता म्हणून तिथे नमूद केली आहे. हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. मारणारा माणूस आपल्याला क्रूर दिसतो. बांधून विसरणारा दिसत नाही. असे विसरले गेलेले बहुतेक कुत्रे वाईट नसतात, त्यांना दोरीने चालायला कोणी शिकवलेले नसते एवढेच. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गावाकडे, मागच्या दारी असा एखादा कुत्रा असेल. सुटीत घरी गेल्यावर पाच-सहा फूट दोरी, मूठभर भाकरीचे तुकडे आणि रोजची १५ मिनिटे एवढे भांडवल घेऊन सुरुवात करून पाहावी. पहिले पाऊल सैल दोरीने पडले, की पुढचे त्याला हळूहळू समजते. आपण मात्र दोरी ताणली की थांबायचे, आणि रोज थांबायचे.